वंशावळीत नसलेल्या इंदूच्या घरी

आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक प्रवासवर्णन असतं. गेल्या वर्षी नॉर्वे होतं, त्याआधी बाली. यंदा संपादकांचा मला फोन आला, "तुम्ही तर परिषदांच्या निमित्ताने जगभर हिंडता, काहीतरी झकास द्या." म्हटलं, देते. दहिसर, घाटकोपर आणि मुलुंड. ते हसले. मी विनोद केला नव्हता. इतकी चिडून मी आजवर कुठल्याही प्रवासाहून परतलेली नाही, आणि त्या चिडीतला मोठा वाटा माझा मलाच घ्यायचा आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी जरा सांभाळून घ्यावं.

आधी मी काय करते ते सांगते. मोटर न्यूरॉन डिसीज नावाचा एक आजार आहे. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी त्यात एकेक करून मरतात. हात जातो, पाय जातो, गिळणं जातं, शेवटी श्वास. डोकं बहुतेकांचं शेवटपर्यंत शाबूत असतं, म्हणजे हे सगळं माणसाला कळत असतं. बहुतेकांना हा आजार कुठून आला ते सांगता येत नाही, पण काही घरांत तो आईबापांकडून मुलांकडे उतरतो. त्या घरांतल्या जनुकांचा अभ्यास करणं हे माझं काम. एकवीस वर्षं तेच केलंय. नावापुढे डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी डॉक्टर मी नव्हे.

बारा वर्षांपूर्वी आम्ही मुंबईच्या उपनगरांतून अशा घरांचं रक्त गोळा केलं होतं. फॉर्मवर एक प्रश्न होता, "निष्कर्ष कळवावेत का?" जवळजवळ सगळ्यांनी "हो"वर खूण केली होती. आम्ही जनुक शोधलं, निबंध छापले, आणि कुणालाही काहीही कळवलं नाही. संशोधनाचा निकाल म्हणजे दवाखान्याचा रिपोर्ट नव्हे, असं कारण होतं. कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. आता त्यातल्या एका जनुकासाठी औषध निघालंय. पाठीच्या कण्यातून देतात. गेलेली ताकद ते परत आणत नाही, पण उतरण धीमी करू शकतं, आणि जितकं लवकर द्याल तितकं बरं. हे वाचल्यावर मी आमच्या संस्थेच्या नैतिकता समितीच्या मागे लागले. दीड वर्ष भांडल्यावर कागद मिळाला, की ज्या घरात ते जनुक आहे तिथे जाऊन सांगायला हरकत नाही. पहिलं घर दहिसरचं, धुरींचं.

सोमवार, दहिसर

मी उतरले होते अंधेरीला, शुभाकडे. शुभा माझी मावसबहीण. तिने सकाळी बजावलं, "रिक्षा करू नकोस, हायवेवर वाट लागते. मेट्रोने जा." मेट्रो वरून जाते, त्यामुळे सगळी उपनगरं गच्चीतून बघितल्यासारखी दिसतात. निळे पत्रे, टाक्या, एका गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, आणि मध्येच चाळीच्या डोक्यावर उभा राहिलेला पंचवीस मजल्यांचा टॉवर. दहिसरला उतरून नदीवरचा पूल ओलांडला. नदी म्हणायची ती रीत म्हणून.

दत्ताराम धुरी, म्हणजे अण्णा, दारातच उभे होते. वय बहात्तर, पूर्वी गिरणीत होते, मग पहारेकरी. त्यांचा धाकटा भाऊ विश्राम या आजाराने गेला, त्याला बारा वर्षं होत आली. वडीलही तसेच गेले होते. बारा वर्षांपूर्वी विश्रामचं आणि अण्णांचं, दोघांचं रक्त आम्ही घेतलं होतं. विश्रामला मूलबाळ नाही. अण्णांना दोन मुलगे आणि चार नातवंडं.

"या मॅडम, बसा. पंखा लाव गो!" अण्णांनी आतल्या दिशेने हुकूम सोडला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पंखा लावला, पाणी दिलं, आणि ताटलीत घावणे आणि ओलं खोबरं घातलेली उसळ आणून ठेवली. बंगळूरला मी ज्या सोसायटीत राहते तिथे पाहुण्याला आधी विचारतात, कॉफी चालेल का. इथे विचारत नाहीत, ताटली समोर येते आणि ती संपवायची असते.

मी घसा साफ करून सांगितलं. विश्रामच्या रक्तात अमुक जनुक सापडलं होतं. अण्णांच्या रक्तात ते नव्हतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्यावं लागेल, पण जर ते खरंच नसेल, तर त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना या जनुकाची भीती नाही.

अण्णांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बारा वर्सां मी रोज सकाळी उठून आधी मूठ वळून बघतोय, मॅडम. मुलांच्या पण मुठी बघतोय. आणि तुमच्याकडे हे लिहिलेलं होतं?"

हो, लिहिलेलं होतं. मी मान खाली घालून उसळ खात राहिले. एवढ्यावर त्यांनी मला माफ केलं, हे त्यांचं मोठेपण. पेढे आणायला मुलाला फोनही केला. "आमचं घर सुटलं," असं ते फोनवर तीनदा म्हणाले.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "घर सुटलं तर मग इंदूचं काय?"

मी विचारलं, "इंदू कोण?"

"ह्यांची बहीण. मुलुंडला दिलेली. दोन वर्सां झाली, तिचा उजवा हात चालत नाय. मानेचं ऑपरेशन पण केलं."

माझ्या पिशवीत धुरींची वंशावळ होती, आम्ही छापलेली. चार पिढ्या, आणि दत्ताराम, विश्राम असे दोन भाऊ. मी ती काढून अण्णांसमोर धरली. "यात बहीण नाही हो."

अण्णांना प्रश्नच कळला नाही. "नसणारच. वंशावळीत मुली कुठे घालतात? ती दिलेली. ती आता सावंतांची." मग उठून त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेला मूळ कागद काढला, वडिलांच्या हातचा. आम्ही त्यावरूनच उतरवून घेतलं होतं. आम्ही म्हणजे मी. मला तो दिवस आठवतो. बहुतेक घरांतून नातीगोती विचारताना दमछाक झाली होती आणि इथे सुबक अक्षरात सगळं तयार मिळालं म्हणून मी खूश झाले होते. कागदावरून कागद उतरवला. बहिणी किती, असं एकदाही विचारलं नाही. बापाची बहीण, आज्याची बहीण, कुणाचीच चौकशी केली नाही.

मी काकूंच्या फोनवरून इंदूला फोन केला. उद्या नाही, परवा या म्हणाली. पत्ता अण्णांनी लिहून दिला, मुलुंड वेस्ट. मी विचारलं, "तुम्ही शेवटचे कधी गेला होता तिच्याकडे?" अण्णा म्हणाले, "आम्ही कशाला जाऊ? माहेरी ती येते ना." पेढे आले तेव्हा मी निघाले होते. काकूंनी हातात कोंबला तो पेढा मी मेट्रोत रुमालात धरून बसले, खाववला नाही.

मंगळवार, घाटकोपर

रात्रभर जागून मी स्वतःचाच निबंध वाचला. त्यात एक वाक्य आहे. या कुटुंबांतल्या स्त्रिया आजारापासून बचावलेल्या दिसतात, अशा अर्थाचं. ते मी लिहिलं होतं. मूळच्या कोकणातल्या आणखी दोन घरांत तसंच दिसलं होतं, आणि दिसणारच होतं, त्यांच्याही वंशावळी अशाच होत्या. पण त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. स्त्रिया का वाचतात? या प्रश्नावर मला पैसे मिळाले, बढती मिळाली, परदेशात भाषणं मिळाली. चार वर्षं मी ते जनुक घातलेल्या उंदरांच्या माद्यांवर प्रयोग केले. माद्या बिचाऱ्या नरांसारख्याच आजारी पडत होत्या. मी म्हणत होते, प्रयोगात चूक आहे. उंदरांना जे कळत होतं ते मला कळत नव्हतं.

त्या वेळी आमच्या गटाचे प्रमुख होते ते सर आता निवृत्त होऊन घाटकोपरला राहतात. अंधेरीहून घाटकोपरला मेट्रो थेट जाते, वीस-बावीस मिनिटांत. मी तासभर आधी पोचले आणि रागाने भूक लागते म्हणून खाऊगल्लीत शिरले. बंगळूरला राहणाऱ्या माणसाने तिथे डोसा मागू नये. माझ्या डोश्यावर चीज, कोबी, शेव आणि लाल रंगाचं काहीतरी होतं, आणि डोसा कापून उभा करून दिला होता. त्या गाडीवाल्याला मी उगाच दोन शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, खाके देखो, फिर बोलो." खाल्ला. चांगला होता. मग आणखीनच राग आला.

सर झोपाळ्यावर बसले होते. मला बघून खरंच आनंदले. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, "अगं, वंशावळ त्यांनी दिली. आपण काय घरोघरी बायका मोजत फिरणार होतो?"

"हो सर. तेच तर काम होतं आपलं."

"त्यांची रीत तशी आहे, त्याला आपण काय करणार? आणि ही पद्धतीतली चूक आहे. माणसांची नाही."

"निबंधावर सह्या माणसांच्या आहेत. पहिली माझी, शेवटची तुमची. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या एका परीक्षकाने तेव्हा विचारलं होतं, चार पिढ्यांत एकही बाई कशी नाही? आपण काय उत्तर दिलं आठवतंय?"

त्यांना आठवत होतं. त्या उत्तराचा मसुदा मी केला होता आणि त्यांनी वाचून "छान" असं लिहिलं होतं. आम्ही म्हटलं होतं, स्त्रियांत आजार दिसला नाही म्हणून त्या चित्रातून वगळल्या आहेत. पाहिलंच नाही, असं म्हणायची लाज वाटली म्हणून दिसलं नाही म्हटलं. याला साध्या मराठीत खोटं बोलणं म्हणतात.

"आता ते उकरून काय मिळणार तुला?" सर म्हणाले. "दोन वर्षांत तुझी निवृत्ती. तुझ्याच नावाला बट्टा लागेल."

मी म्हटलं, "लागू दे." आणि उठले. ज्यांच्याकडून मी सगळं शिकले त्यांच्या घरातून चहा न पिता निघण्याची ही माझी पहिलीच वेळ. जिना उतरताना सगळ्यात जास्त मनाला लागलं ते हे, की ठाण्याला माझ्या भावाच्या घरी दिवाणखान्यात आमचीही वंशावळ आहे, फ्रेम केलेली. तिच्यातही मी नाही. तिच्याखाली बसून मी कितीदा जेवले असेन, आणि शास्त्रज्ञ म्हणून मला एकदाही काही खटकलं नाही.

बुधवार, मुलुंड, आधी वेस्ट मग ईस्ट

मुलुंडला डोंगर आहेत हे मुंबईबाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. रस्त्याच्या टोकाशी हिरवा डोंगर उभा असतो आणि त्याच्या पायथ्याशी केळ्यांची गाडी, क्लासेसच्या पाट्या आणि हॉर्न. अण्णांच्या पत्त्यावर पोचले तर तिथे खोदलेला खड्डा आणि भोवती पत्रे. वॉचमन म्हणाला, चाळ पाडून सहा वर्षं झाली. सख्ख्या बहिणीचा पत्ता सहा वर्षं चुकीचा, आणि भावाच्या घरी कुणाला पत्ता नाही! मी भर उन्हात त्या वॉचमनसमोर अण्णांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग इंदूला फोन लावला. तिच्या मुलीने उचलला. "ईस्टला या. वेस्टला कोणी पाठवलं तुम्हाला? मामाने ना? टिपिकल."

इंदू अठ्ठावन्न वर्षांची, उंच, खणखणीत आवाजाची. दार तिने डाव्या हाताने उघडलं. उजवा हात बाजूला लोंबत होता. अंगठ्याखालचा उंचवटा, जो आपल्या सगळ्यांच्या तळहातावर असतो, तिथे खळगा पडला होता. मानेवर ऑपरेशनचा व्रण. मी डॉक्टर नव्हे, पण असे हात मी एकवीस वर्षं बघतेय.

तिची मुलगी प्राजक्ता एकोणतीस वर्षांची, भांडुपच्या एका शाळेत गणित शिकवते. रजा काढून घरी थांबली होती आणि खोबरं किसत होती. "आता हे माझं डिपार्टमेंट," म्हणाली. "आईला जमत नाही, पण मी किसलेलं तिला पसंत पडत नाही."

"जाड किसता गो ती," इंदू म्हणाली. "सोलकढीक असा खोबरा चालता काय?"

मी ठरवून आले होते तसं बोलायला लागले. विश्रामच्या रक्तात काय सापडलं, ते भावंडांत कसं येऊ शकतं, मला निदान करण्याचा अधिकार नाही, त्यासाठी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवायचं, आधी समुपदेशन घ्यायचं, मग रक्त तपासायचं, आणि नको असेल तर तपासायचंही नाही. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

"विश्रामदादासारखाच ना?" इंदू म्हणाली. "माका ठावक आसा. शेवटचे सात महिने त्याका भरवलंय कोणी? मीच. रोज मुलुंडसून दहिसर. डॉक्टर म्हणत मान, मान. मी म्हणे, आमच्या घरात असा आसा. डॉक्टर विचारत, कागद आसा काय? कागद नव्हतो."

कागद होता. बंगळूरला माझ्या कपाटात होता.

मी तेही सांगितलं, वाक्य न सजवता. वंशावळीत तुमचं नाव नव्हतं, मी विचारलं नाही, आणि मग आम्ही छापलं की या घरातल्या बायकांना हे होत नाही.

प्राजक्ताने किसणी खाली ठेवली. "एक मिनिट. बारा वर्षं? तुमच्याकडे बारा वर्षं होतं हे? दोन वर्षं आम्ही मान-मान करत फिरतोय यार! तिची मान कापली त्या लोकांनी! आणि तुम्ही तिकडे काय करत होता, भाषणं?"

"हो," मी म्हटलं. "भाषणं."

"आणि आता मी पण. आईला असेल तर मला पन्नास टक्के, ना? समजावू नका, गणित शिकवते मी." ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेले नाही. तिचा राग बरोबर होता आणि तो कमी करायला मी कोण?

इंदूने मात्र मला जेवायला वाढलं, डाव्या हाताने. काळ्या वाटाण्याची आमटी, भात, जाड किसलेल्या खोबऱ्याची सोलकढी. मी नको म्हणत होते. "बस गो," ती म्हणाली, "रागावूक मी पण रागावलंय, म्हणान उपाशी धाडतलंय काय?" आम्ही जेवलो. औषधाबद्दल ती एकच गोष्ट विचारत राहिली, चमचा धरता येईल एवढा डावा हात टिकेल का. मी म्हटलं, वचन देता येणार नाही. शक्यता आहे, आणि उशीर आपण आधीच खूप केलाय.

त्याच संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि समुपदेशक बाई तिच्याशी तासभर बोलल्या. इंदूने पहिल्या पाच मिनिटांतच "काढा रक्त" म्हणून सांगितलं होतं. प्राजक्ताने स्वतःपुरतं अजून काही ठरवलेलं नाही, आणि कुणी घाई केली तर त्याला ती फाडून खाईल.

गुरुवार, पुन्हा मुलुंड

बंगळूरला परत आल्यावर मी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवलं, की बायकांबद्दलचं ते वाक्य खोटं आहे. बाकीच्या दोन्ही घरांतल्या दिलेल्या मुली शोधायला घेतल्यात. धुरींच्या वडिलांची एक बहीण अशीच हातपाय वाळून गेली होती, हे काकूंनी फोनवर सहज सांगितलं. इंदूचा रिपोर्ट आला, आणि ज्याची भीती होती तोच आला. औषधासाठी अर्ज केलाय. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातोय आणि मी रोज फोन करून शिव्या खातेय आणि देतेय. पण माझा प्रवास संपला तो त्या गुरुवारी सकाळीच.

रक्त घ्यायला प्रयोगशाळेची एक बाई घरी आली होती. इंदूने टेबलाशी बसता बसता माझ्याकडे बघितलं. "तुमका मी आठवत नाय, ना?"

मी म्हटलं, "आपण आधी भेटलोय?"

"दहिसरला. दादाचं रक्त काढूक तुम्ही इल्लात तेव्हा चहा मीच दिलेलो. तुम्ही म्हणालात, आलं झकास पडलंय." ती हसली नाही. "मी माझो पण हात पुढे केलेलो. म्हटलं, माझं पण घ्या, मी पण ह्याच आईबापाची. तुमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, बाई, तुमचं नको. यादीत नाव नाही."

यादी माझ्या हातची होती. मला चहा आठवत होता. ती आठवत नव्हती.

रक्त घेणाऱ्या बाईंनी डावा हात मागितला, त्या हाताची शीर बरी दिसत होती. "नको," इंदू म्हणाली. "ह्योच घ्या. तेव्हा मी ह्योच पुढे केलेलो." पण तो काही तिला पुढे करता येईना. शेवटी प्राजक्ताने दोन्ही हातांनी तो उचलला आणि टेबलावर ठेवला.